पेत्रोचं सॉकेट

लारिसाची गाडी अंगणात शिरली ते ओरेस्टला कळलंच नाही. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. तो घराच्या भिंतीपाशी वाकून ट्रकची वायर लावत होता. वळून बघतो तर चार हातांवर ती पांढरी गाडी उभी, आणि आत त्याची मुलगी आणि बहीण दोघी त्याच्याकडे बघून हसतायत.

"हॉर्न तरी वाजवायचा गं!" तो ओरडला. "सणाच्या दिवशी बापाला वर धाडायचा बेत आहे का?"

लारिसाने काच खाली केली. "घाबरलास?"

"फ्रिजला कोण घाबरतंय? चाकं लावलेला फ्रिजच आहे तो."

"आत बसून बघ, म्हणजे कळेल फ्रिज आत आहे की बाहेर," म्हणत नादिया उतरली आणि पहिल्याच श्वासाला तिच्या नाकातले केस गोठले. कॅनडातल्या विनिपेग शहरातून डॉफिनपर्यंत ती बसने आली होती. मोतीबिंदू झाल्यापासून हिवाळ्यात गाडी चालवणं तिने सोडलं होतं. डॉफिनपासून पुढे तासाभराच्या रस्त्याने भाचीने तिला गाडीतून आणलं.

गाडी लारिसाची नव्हती, अजून तरी. तिच्या जुन्या गाडीचा गिअरबॉक्स डिसेंबरात गेला, तेव्हा मेकॅनिकने टोपी काढून हळहळ व्यक्त केली होती. ही विजेवरची गाडी ती नोकरी करते त्या शाळेतल्या मार्लीसबाईंची. बाई समुद्राकाठी राहायला चालल्या होत्या. "चालवून बघ, बुधवारी संध्याकाळपर्यंत सांग, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय," असं म्हणून त्यांनी किल्ली आणि चार्जिंगच्या सामानाची पिशवी लारिसाच्या हातात ठेवली होती. आज मंगळवार होता.

गाडी घ्यायची की नाही एवढाच प्रश्न असता, तर ओरेस्टच्या या हावरिलुक घरात तो जेवताना तोंडी लावायला पुरला असता. पण परास्काच्या, म्हणजे ओरेस्टच्या आईच्या, दोन्ही मूत्रपिंडांनी दोन वर्षांपूर्वी संप पुकारला होता. सोमवार, बुधवार, शुक्रवार डॉफिनच्या हॉस्पिटलात चार तास डायलिसिसच्या मशीनला जोडून घ्यायचं. लारिसा शाळेत जाताना आजीला सोडायची. मशीनवरून सुटली की म्हातारी शाळेच्या लायब्ररीत विणकाम करत बसायची आणि शेवटच्या घंटेनंतर दोघी घरी यायच्या. गिअरबॉक्स गेल्यापासून ओरेस्टच्या उंच ट्रकमध्ये तिला दोघांनी धरून चढवावं लागत होतं. एकदा पाय घसरला, तेव्हा सगळ्यांचं काळीज हललं. इकडे नादियाने विनिपेगच्या फ्लॅटमधली एक खोली रिकामी करून ठेवली होती. समोरचा रस्ता ओलांडला की हॉस्पिटल. तेव्हा गाडीचा प्रश्न म्हणजे परास्काने आपल्या घरात राहायचं की नाही, हाच प्रश्न होता. घरातलं प्रत्येक माणूस हे जाणून होतं आणि तरी सगळे बोलत होते बॅटरीबद्दल.

"चार्जिंगला लावू का?" लारिसाने विचारलं. "बस उशिरा आली, डॉफिनला वेळच मिळाला नाही."

"आधी तारा, मग वायर," ओरेस्ट म्हणाला. "आई खिडकीशी उभी आहे कधीची."

आमच्या कलिना गावात आता निम्म्या घरांनी पंचवीस डिसेंबर धरला आहे. परास्काच्या घरी मात्र नाताळ जुन्या युक्रेनी पंचांगाप्रमाणे सात जानेवारीलाच येतो, आणि सहाच्या संध्याकाळी पहिला तारा दिसल्याशिवाय कुणी घास उचलत नाही. तारा साडेपाचच्या सुमारास कोठाराच्या छपरावर दिसला. सगळे आत गेले.

*

ओरेस्टची बायको लोरेन या घरात सून म्हणून आली त्याला तीस वर्षं झाली होती. माहेर फ्रेंच, तिथे लोक सूप येण्याआधीच एकमेकांच्या उरावर बसतात. इथे मासा येईपर्यंत कुणी मनातलं बोलत नाही, हे ती पहिल्याच वर्षी शिकली. म्हणून टेबलक्लॉथखालचं रिवाजाचं वाळलेलं गवत सारखं करताना, गव्हाची मधातली खीर, कुत्या, वाढताना, मशरूम घातलेलं बीटचं सूप, बोर्श्च, वाटताना ती निवांत होती. बारा पदार्थ, मांस नाही, दूध नाही. परास्काच्या ताटात प्रत्येकाचा एकेक चमचा. बीट, बटाटा, खसखस, सगळंच तिला बेताने खायला सांगितलेलं, पाणीसुद्धा मोजून. पण प्रत्येक पदार्थ जिभेला लावल्याशिवाय ती उठणार नव्हती. टेबलाच्या टोकाला एक ताट रिकाम्या खुर्चीसमोर मांडलं होतं. गेलेल्या माणसासाठी असतं ते; या घरात सात वर्षं ते परास्काच्या नवऱ्याचं, पेत्रोचं ताट होतं.

"जिवंत असताना कधी वेळेवर आला का ताटावर?" परास्का दरवर्षी म्हणायची तेच म्हणाली. "कुठूनही येऊ दे, आधी शेडमध्ये जाणार, मग घरात. तीन हाका मारल्याशिवाय बूट वाजायचे नाहीत दारात."

मग मासा आला.

"थंडीत बॅटरी अर्धी होते," ओरेस्टने सुरुवात केली. "मी नाही म्हणत. बनवणारेच म्हणतात."

"अर्धी झाली तरी पुरते," लारिसा म्हणाली. "जायचं, आजी मशीनवर असते तेवढ्यात तिथे चार्ज करायची, यायचं. सोमवारी केलं की मी."

"आणि वादळात रस्ता बंद झाला तर?"

"तर तुझ्या ट्रकचं काय होतं? मागच्या मार्चमध्ये खंदकात कोण बसलं होतं?"

"माझ्याकडे ऊब धरायला डब्यात मेणबत्ती होती. घोंगडी होती."

"माझ्याही गाडीत आहे मेणबत्ती."

"दोघांनी आपापल्या मेणबत्त्या विझवा आणि मासा घ्या," लोरेन म्हणाली. "गार होतोय."

"मुद्दा गाडीचा नाहीच मुळी," नादियाने काटा खाली ठेवला. शाळेत तीस वर्षं मुख्याध्यापिका होती ती. काटा खाली ठेवला की वर्ग गप्प व्हायचा. "ब्याऐंशी वर्षांच्या बाईला आठवड्यातून तीनदा या थंडीतून न्यायचं आणि आणायचं. विजेवर न्या नाहीतर पेट्रोलवर न्या, यात शहाणपण कुठलं? माझ्याकडे ती चपलांवर हॉस्पिटलात जाईल."

"विनिपेगला आईचं आहे कोण?" ओरेस्ट एकदम म्हणाला.

"मी आहे, ओरेस्ट. मीही तिचीच मुलगी आहे."

"तसं नाही गं..."

लोरेनला हसू आवरेना. आपला नवरा एका घासाला बहिणीच्या बाजूने गाडीला नावं ठेवतो आणि दुसऱ्या घासाला मुलीच्या बाजूने आईला सोडायला तयार नाही. दोन्ही एकदम कसं जमणार होतं ते त्याचं त्याला ठाऊक.

"आणि एक सांगते, वाईट वाटून घेऊ नका," नादियाचा आवाज खाली आला. "आईचं लक्ष नसतं आता. फोनवर काहीही विचारा, 'हो गं.' हवा कशी आहे? हो गं. जेवलीस का? हो गं. मागच्या आठवड्यात मी मुद्दाम म्हटलं, माझ्या घराला आग लागली. तर म्हणाली, हो गं, बरं झालं."

"पण आजी बोलते!" लारिसा पुढे झुकली. "सोमवारी या गाडीत सबंध रस्ताभर बोलली माझ्याशी. तिच्या बहिणीचं, पुराचं..."

"तुझ्याशी बोलते ते मला माहीत आहे, बाळा," नादिया प्रेमाने म्हणाली, म्हणजे तिला ते खरं वाटलं नाही.

परास्काला या सगळ्यातलं काय ऐकू येत होतं? चमच्यांचा खणखणाट आणि त्यात बुडालेले चार आवाज. कानातलं यंत्र माणसापेक्षा बशीचा आवाज जास्त मोठा करायचं, म्हणून ती ते सणावाराला खिशातच ठेवी. पण तिला कळत सगळं होतं. पोटच्या पोरांची तोंडं ती साठ वर्षं वाचत आली होती. आणि तिचं ठरलंही होतं. लारिसा एकोणतीसची झाली. नातीची सकाळ आणि नातीची संध्याकाळ आपण खातोय, हे तिला मशीनच्या सुईपेक्षा जास्त टोचायचं. विचारलं तर हो म्हणायचं आणि रडायचं नाही, एवढं तिने सणासाठी कोबीच्या पानांत सारण गुंडाळताना मनाशी पक्कं केलं होतं. फक्त विचारणाऱ्याने आज विचारू नये, असं वाटत होतं.

नादियाने विचारलं. आईच्या दंडावर हात ठेवून, चेहरा समोर आणून, सावकाश. "आई, विनिपेगला येशील ना माझ्याकडे?"

परास्काने मान हलवली. हो.

 ओरेस्टने घेतलेला घास तसाच गिळला. लारिसा उठून सिंकपाशी गेली आणि नसलेली भांडी घासू लागली. नादियाला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि तिला जरासुद्धा आनंद झाला नाही. तिने आईच्या ताटातल्या चमचाभर कुत्याकडे पाहिलं आणि विषय बदलला.

*

जेवणं आटोपली तेव्हा सात वाजले असतील. ओरेस्ट सिंकपाशी मुलीजवळ गेला. त्याने तिच्या खांद्यावरचा टॉवेल घेऊन परत तिच्याच खांद्यावर ठेवला.

"ती पिशवी दे," तो म्हणाला. "मी लावतो तुझी गाडी. तू बस आत, डोळे बघ कसे झालेत."

लारिसाने मान न वळवता पिशवी दिली.

बाहेर आकाश स्वच्छ होतं, म्हणजे थंडी आणखी पडणार होती. भिंतीवर चालू सॉकेट एकच, आणि त्यात ट्रकची वायर. आमच्याकडे हिवाळ्यात प्रत्येक गाडीच्या नाकातून एक वायर लोंबत असते. इंजिनाला ऊब देणारा हीटर तिने चालतो. ती लावली नाही तर सकाळी गाडीसमोर प्रार्थना म्हणा नाहीतर शिव्या द्या, सारखंच. ओरेस्टने क्षणभर विचार केला आणि ट्रकची वायर उपटली. ट्रकला उद्या काम नव्हतं. भांडण भांडणाच्या जागी. पोरीची गाडी उघडी पडायला नको.

पिशवीत जाड वायर होती आणि तिला लावायची दोन टोकं. एक आपल्या नेहमीच्या सॉकेटचं. दुसरं भलं मोठं, मुठीएवढं. "हे कशाला लागतं कोण जाणे," म्हणत त्याने मोठं परत पिशवीत टाकलं आणि छोटं लावलं. मग टायमर फिरवला. रात्रभर इंजिनाला वीज पाजायची नसते. निघण्याआधी तीन तास पुरतात, बाकीची वाया जाते. हे त्याला बापाने शिकवलं होतं, आणि दहा वर्षांचा असल्यापासून तो हे झोपेतही करत आला होता. साताला निघायचं, म्हणजे चारला सुरू. शेवटी त्याने ट्रकवरची जुनी रजई काढून आणली आणि पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर नीट पांघरली, कडा खाली खोचल्या. फ्रिज म्हटलं त्याबद्दल त्याला आता जरा वाईट वाटत होतं.

*

सकाळी उणे छत्तीस होतं. लारिसाने सणाची रजा घेतली होती, पण डायलिसिसला रजा नसते. लारिसाला रजई दिसली आणि तिला हसू फुटलं. या गाडीच्या बॉनेटखाली इंजिनच नव्हतं. हसतच ती आत बसली, स्टिअरिंगशेजारचा पडदा उजळला, आणि हसू गेलं.

"बाबा, वायर कधी लावलीस?"

"काल जेवणं झाल्यावर. लगेच."

"मग चार्ज का नाही झाली?"

"झाली असेल की. चारला सुरू झाली ना."

"चारला?"

"टायमरवर. नेहमीसारखी." आणि मग तिच्या चेहऱ्याकडे बघून, हळू आवाजात, "का? तिला रात्रभर लागते?"

लारिसाने नुसती मान हलवली. तीन तासांत त्या बारीक सॉकेटमधून जेवढी वीज आली ती बॅटरीला ऊब आणण्यातच खर्ची पडली होती. गाडी चालली असती, पण डॉफिनच्या अलीकडे, जिथे दोन्ही बाजूंना नुसती शेतं आहेत, तिथपर्यंतच. ओरेस्ट ट्रककडे धावला. ट्रक एकदा खोकला, मग तेवढंही केलं नाही. लोरेनची गाडी हिवाळ्यापुरती कोठारात ठोकळ्यांवर चढवलेली, चाकं उतरवून. लोरेनने शेजाऱ्यांना फोन लावले. सणाची सकाळ, सगळे चर्चला निघालेले. घंटी वाजत राहिली.

नादिया कोट चढवून पायरीवर उभी होती. बोलायला याहून चांगली वेळ तिला मिळाली नसती. बघा, मी काय म्हणत होते. एका दगडात भाऊ, भाची आणि गाडी. तिने तोंड उघडलंही. मग तिला बॉनेटवरची ती रजई दिसली, कडा खोचलेली, आणि ट्रकपाशी टोपी हातात घेऊन उभा असलेला भाऊ दिसला. बाप गेला त्या दिवशी तो असाच उभा होता. तिने तोंड मिटलं आणि हॉस्पिटलला फोन केला.

"उशीर होतोय, गाडीची अडचण आहे," ती म्हणाली. पलीकडची नर्स म्हणाली, "परास्का ना? तिची वेळ मागे ढकलते. घाई करू नका, रस्ता वाईट आहे. आणि हो, तुमचा नाताळ ना आज? शुभेच्छा सांगा तिला."

नादियाला एवढ्याशाने भरून आलं. विनिपेगच्या हॉस्पिटलात चार वेगवेगळ्या बटणांनंतर माणूस भेटतं आणि ते आडनाव विचारतं.

परास्का स्वयंपाकघरात कोट घालून तयार बसली होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. खिडकीतून उघडं बॉनेट दिसत होतं, जमिनीवर गुंडाळलेली वायर, मुलाच्या हातातली टोपी. आणि पायरीवर लारिसा पिशवीतून ते मुठीएवढं टोक काढून बापाला दाखवत विचारत होती, "असलं मोठं सॉकेट कुठे असतं का आपल्याकडे?" आणि बाप, बिचारा, डोकं चालेनासं झालेला, नाही म्हणत होता.

परास्काने ते टोक पाहिलं. ती उठली, दार उघडलं आणि या घरात कितीतरी दिवसांत कुणी ऐकला नव्हता अशा आवाजात ओरडली, "ओरेस्ट! शेडमध्ये!"

सगळे वळले.

"वेल्डिंगच्या मशीनचं सॉकेट! तुझ्या बापाचं! लग्नात आलेल्या पैशांतून मला कपडे धुवायचं मशीन घेणार होता आणि ते धूड घेऊन आला! आठ दिवस बोलले नव्हते मी त्याच्याशी. विसरलास?"

ओरेस्ट तेव्हा जन्मलाही नव्हता, पण ही गोष्ट न ऐकलेलं माणूस कलिन्यात शोधून सापडलं नसतं. तो धावला. शेडच्या दारापुढे कमरेएवढा बर्फ साचलेला. त्याने आणि लोरेनने फावडी घेतली. नादियानेही, पासष्टीच्या नादियाने, झाडू घेतला. दार उघडलं. मशीन कोपऱ्यात कापडाखाली होतं, पेत्रोने झाकून ठेवलं तसं. ओरेस्टने त्याचा जाड प्लग काढला. लारिसाने गाडी आत घेतली, मोठं टोक लावलं, आणि ते असं बसलं जणू तिथलंच होतं.

"आता?" ओरेस्टने विचारलं.

"आता कॉफी," लारिसा म्हणाली.  "तासभर."

आत परास्का एकटी टेबलाशी बसली होती. रिवाजाप्रमाणे रात्री टेबल तसंच ठेवलं होतं आणि सकाळच्या धावपळीत ते कुणी आवरलं नव्हतं. समोर पेत्रोचं ताट तसंच, कुत्याचा चमचा वाळलेला. आणि तिच्या डोक्यावरचा दिवा एकदम मंद झाला, थरथरला, मग सावरला. ती वर बघत राहिली. पेत्रो शेडमध्ये वेल्डिंग करायला लागला की हा दिवा असाच व्हायचा आणि ती विणकाम खाली ठेवून चिडायची, आता टाका दिसेना म्हणून. सात वर्षांत तो एकदाही असा झाला नव्हता.

"बरं बाबा," ती दिव्याकडे बघत म्हणाली. "आभारी आहे. घेतलंस ते बरं केलंस."

*

निघाले तेव्हा ओरेस्टही बसला, कुणी ये म्हटलं नव्हतं तरी. मागच्या सीटवर नादियाच्या शेजारी, गुडघ्यांवर फावडं, मेणबत्तीचा डबा आणि दोन घोंगड्या घेऊन. गाडी शेडमध्येच गरम केलेली होती. पुढच्या सीटवर परास्काने हातमोजे काढले, जे ती मेच्या आधी काढत नसे. हायवेवर लागल्यावर नादियाच्या लक्षात आलं की आपण केव्हाचे वाट बघतोय, कशाची तरी. मग कळलं, इंजिनाच्या आवाजाची; काल गप्पांच्या नादात ते जाणवलं नव्हतं. तो येणारच नव्हता. बर्फावर चाकं सरकल्याचा बारीक आवाज, बस.

"पाय गरम झाले," ओरेस्ट पुटपुटला.

"मोठ्याने म्हण," लारिसा म्हणाली.

"एकदा म्हटलं ते पुरे."

नादिया भावाकडे झुकली आणि अगदी हळू म्हणाली, "काल मान हलवली खरी, पण आईला त्यातलं कितपत कळलं कोण जाणे."

"सगळं कळलं," पुढून परास्का म्हणाली. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

नादिया दचकली. "आई? तुला ऐकू आलं?"

"इथे न यायला काय झालं? यंत्र कानात आहे, आणि इथे नुसते तुम्ही तिघं आणि रस्ता. जुन्या गाडीत नुसता खडखडाट. घरी तुम्ही चौघं एकदम बोलता. आणि फोनवर तुझ्यामागे टीव्ही असतो, नादिया. मला टीव्हीच ऐकू येतो. दर वेळी काय काय म्हणून किती विचारायचं? म्हणून हो गं म्हणते."

"अगं, मी घराला आग लागली म्हणाले!"

"तेव्हा टीव्हीवर कुणीतरी गाणं छान म्हणत होतं."

ओरेस्ट इतका हसला की फावडं खाली पडलं. नादियाही हसली आणि हसता हसता तिने चश्मा काढला. आईचं डोकं आता चालत नाही, असं समजून ती वर्षभर एकटीच रडत होती, कुणाला न सांगता. विनिपेगची खोली तिने त्या रडण्यातूनच रंगवून घेतली होती. आई तर इथेच होती, सबंध, खवचट, जशी होती तशी. फक्त कुणी तिला शांत जागी नेऊन बसवलं नव्हतं.

"मग काल हो का म्हणालीस?" तिने विचारलं.

 बाहेर कापलेल्या गव्हाचे खुंट बर्फातून वर आलेले दिसत होते. "हिच्यासाठी," परास्का म्हणाली आणि हनुवटीने लारिसाकडे खूण केली. "तरणी पोर. जाताना म्हातारी, येताना म्हातारी. भीड पडते म्हणून ती बोलत नाही."

लारिसाने हात स्टिअरिंगवरच ठेवले. "आजी, माझी शाळा डॉफिनला आहे. तू विनिपेगला गेलीस तरी मी रोज याच रस्त्याने जाणार. याच वेळी. फक्त एकटी."

"हे मला सुचलंच नाही," परास्का म्हणाली.

"आणि तुझ्या बहिणीची गोष्ट अर्धी राहिलीय सोमवारची. पूर आला, ती छपरावर चढली, पुढे?"

"पुढे तिचा नवरा होडी घेऊन आला."

"कोणता नवरा?"

"तीच तर गोष्ट आहे," परास्का म्हणाली आणि सांगायला लागली. ओरेस्टही ऐकत होता, नादियाही. हॉस्पिटलच्या दाराशी गाडी थांबली तेव्हा होडी अजून काठाला लागायची होती.

*

परतले तेव्हा दुपार कलली होती. परास्का मशीनवरून उतरली की तिला हाडांपर्यंत थंडी भरते, पण आज ती गरम सीटवर झोपली आणि घरीच जागी झाली. लोरेनने बोर्श्च गरम ठेवलं होतं. कोट काढता काढता नादियाने फोन लारिसाच्या हातात दिला.

"बुधवार संध्याकाळ झाली," ती म्हणाली. "मार्लीसबाईंना फोन कर. दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाऊ दे."

"आणि तुझी खोली?"

"उन्हाळ्यात दोन आठवडे येईल ती. मी स्वतः न्यायला येईन आणि परत आणून सोडीन." मग भावाकडे वळून, "आणि फोनवर बोलताना मी टीव्ही बंद ठेवीन. हसू नकोस."

ओरेस्ट हसत नव्हता. तो भिंतीवरचा टायमर काढून खिशात घालत होता. "वेल्डिंगच्या मशीनला दुसरी जागा बघतो," तो म्हणाला. "शेडच्या पुढच्या भागात गाडी राहील. दारापुढे रोज बर्फ काढायला मी आहेच."

लोरेन टेबल आवरायला लागली. पेत्रोचं ताट उचलायला हात पुढे केला, तर परास्काने तिचा हात धरला आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर थोपटलं.

"राहू दे थोडा वेळ," ती म्हणाली. "रात्रभर मला वाटलं, आलाच नाही या वेळी. आला होता गं. आधी शेडमध्ये गेला होता."